साडूंच्या हृदयाची गादी

डॉक्टरला न घाबरणारा एकच माणूस नागपुरात उरला असेल, तर ते माझे थोरले साडू. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक गंजाची, म्हणजे पातेल्याची, जाडी बघतं, तर हे त्यात किती मटण शिजेल ते सांगतात. सकाळी तर्रीपोहे, दुपारी कचोरी, आणि रात्रीच्या रश्श्यावर बोटभर तेल दिसलं नाही तर, "घरात कोणी आजारी हाय का?" अशी चौकशी.

गेल्या उन्हाळ्यात जिना चढताना त्यांना धाप लागली. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. मीही सोबत होतो. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं. "ही हृदयाभोवतीची चरबी. पोटाची दिसते, ही दिसत नाही. तळलेलं आणि गोड सोडा, वजन उतरवा, म्हणजे हीपण उतरेल. नाहीतर दगा देईल." साडूंनी पडदा मोठ्या कौतुकाने न्याहाळला. "मॅडम, काचेचं सामान आम्ही पेंढ्यात गुंडाळून पाठवतो. हृदयाले देवानं गादी देली, तर ते काहून काढायची?"

घरी दुधीची भाजी आली की ते ताट सरकवत. ताई भांडल्या, रडल्या, शेवटी गप्प झाल्या. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा साडू गरम कचोऱ्यांचा पुडा घेऊन आले. तिखटाच्या नुसत्या वासाने ज्यांच्या छातीत जळजळ होते, त्या ताई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी एक कचोरी संपवली. मग दुसरी उचलली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तू काहून खाऊन राहिली वं? तुले सोसत नाही ना!"

"तुमच्यामागं एकटी राहून काय करू? जायचं तर संगच जाऊ. द्या अजून."

साडूंनी तो पुडा उचलला आणि बाहेर नेऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून दुधीची भाजी सुरू झाली. पण हार मानतील तर ते साडू कसले! दुकानात येईल त्याला ठणकावून सांगत, "डॉक्टरच्या बापाले भेत नाही आपण. हे बाई मरायले निघाली होती, म्हणून सोडलं."

दिवाळीनंतर पुन्हा तपासणी झाली. चरबी उतरली होती. डॉक्टरबाई खूश झाल्या, पण हे येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. समोरच्या ठेल्यावर भजी तळणं चालू होतं.

"वाचलो म्हणतात गा," ते मला हळूच म्हणाले. "पण पहिल्यासारखी भूक नाही लागत आता."

ताईंनी पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढली आणि अर्धे फुटाणे त्यांच्या तळहातावर ओतले. मग दोघंही एकेक फुटाणा चावत त्या कढईकडे बघत बसले.