तारा काढलेला बांगडा

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. नऊ वर्षं सर्व्हर सांभाळतेय. "मॅडम, साईट आपोआप बंद पडली" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं, लॉगमधली नोंद बघा... हे मी किती जणांना ऐकवलंय! आता तेच कोणी मला ऐकवलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

मुलुंड पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात आमची छोटी वेब होस्टिंग कंपनी आहे. मालक मालवणचे, त्यामुळे सर्व्हरना नावं माशांची — सुरमई, हलवा, बांगडा. त्यातला सगळ्यात जुना बांगडा. एका सोमवारी त्याची हार्ड डिस्क गेली. मी ऐटीत म्हटलं, टेन्शन नको, बॅकअप आहे. दुपारपर्यंत सगळ्या साईट्स सुरमईवर चालूही केल्या.

गुरुवारी भांडुपहून आमच्या एक ग्राहक सुरेखाताई यांचा फोन आला. "अगं, साईट उघडते, पण आबांच्या गोष्टीच नाहीत गं!"

आबा म्हणजे त्यांचे वडील. मालवणी गोष्टी सांगण्यात एकदम पटाईत. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. त्याआधी ताईंनी त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून साईटवर टाकल्या होत्या. रोज जेवताना आबा स्वतःचाच आवाज ऐकत ओठ हलवायचे, स्पीच थेरपीच्या बाईंनीच तसं सांगितलं होतं. मूळ रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये होतं, तो फोन केव्हाच मेलेला.

"तीन दिवस ताट बाजूला सारतायत," ताई म्हणाल्या. "नुसतं मोबाईलकडे बोट दाखवतात."

मी बॅकअप उघडला. त्यात ते फोल्डर नव्हतंच. ताईंनी त्याला मराठीत नाव दिलं होतं, 'आबांच्या गोष्टी'. मधली मोकळी जागा बघून माझ्या स्क्रिप्टने ती दोन वेगळी नावं धरली, दोन्ही सापडली नाहीत म्हणून फोल्डर सोडून दिलं. एररही रोज येत होती म्हणे... पण त्या मेसेजची कटकट नको म्हणून मीच ते बंद करून ठेवले होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

डिस्क रिकव्हरीवाल्याकडे पाठवली. त्याने ती पुढच्या बुधवारी परत केली — आतली तबकडी घासली गेलीय, काही निघणार नाही. डिस्कचं पाकीट मी ड्रॉवरमध्ये टाकलं. सगळ्या तारा काढलेला बांगडा माझ्या खुर्चीमागे जमिनीवर पडला होता, भंगारवाल्याची वाट बघत.

त्याच दुपारी, साडेतीनच्या सुमारास, काही सुचत नव्हतं म्हणून सुरमईवर पुन्हा शोधायला बसले. बोटांनी सवयीने बांगड्याची लॉगिन कमांड मारली. पासवर्ड विचारला. मी दिला. आत गेले. फोल्डर समोर, आत एकोणीस फाईल्स. शप्पथ सांगते, तेव्हा डोक्यात काही आलंच नाही. घाईघाईने कॉपी लावली. अकरा मिनिटं लागली.

"प्रशांत, मिळाल्या रे! बांगड्यावरच होत्या!"

समोरच्या टेबलावर माझा सहकारी प्रशांत चहाचा कप हातात धरून बघत राहिला. "कुठल्या बांगड्यावर?"

मी उठायला गेले आणि मागे पायाला बांगडाच लागला... एकही तार न जोडलेला.

"बांगड्याचा आयपी पत्ता दुसऱ्या मशीनला दिला असशील यार," प्रशांत म्हणाला. आम्ही दोघांनी तपासलं, कोणालाच दिलेला नव्हता. शिवाय आमचा कॉम्प्युटर प्रत्येक सर्व्हरची ओळख लक्षात ठेवतो. त्या पत्त्यावर दुसरं मशीन बसलं तर लगेच आरडाओरडा करतो. तसं काही झालं नव्हतं. पुन्हा लॉगिन करून बघितलं, उत्तर नाही. पण फाईल्स सुरमईवर होत्या, वाजत होत्या.

मला ऑफिसात बसवेना. फाईल्स पेन ड्राईव्हवर घेतल्या आणि तडक भांडुप गाठलं. आबा खिडकीशी खुर्चीत होते. मी ताईंच्या मोबाईलवर गोष्टी लावून दिल्या. आबांचे ओठ हलायला लागले. ताईंनी पेज भरवली, त्यांनी ती खाल्ली. मला रडूच आलं.

शेवटची गोष्ट एका रापणकराची, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या कोळ्याची होती. ती चालू असताना ताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात डाव तसाच.

"ही... ही पुरी कशी झाली गं?"

ही गोष्ट रेकॉर्ड करतानाच आबांना झटका आला होता. वाक्य अर्ध्यावर, फोन ताईंच्या हातातून पडला, रेकॉर्डिंग तिथेच तुटलं. तेवढीच गोष्ट त्यांनी नंतर साईटवर टाकली होती. आणि आता मोबाईलमधून आबांचा आवाज न अडखळता पुढे चालला होता. रापणकर घरी पोचला, बायकोने दार उघडलं, गोष्ट संपली. आबा मान डोलवत होते, चांगल्या हाताने गुडघ्यावर ठेका धरत.

"कुठून आणलंस हे?"

"माहीत नाही, ताई." खरंच माहीत नव्हतं.

ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. आबांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "अजून आहेत का गं? त्यांच्या पोटात खूप गोष्टी राहिल्यात."

मी "बघते" म्हटलं. भंगारवाल्याला परत पाठवलं. तेव्हापासून रोज त्या पत्त्यावर लॉगिन करून बघते, उत्तर येत नाही. ताई दर आठवड्याला फोन करतात, आणि त्यांना काय सांगायचं हे मला अजून कळलेलं नाही.