अर्धा आटा

माझ्या हातून एक अपराध घडला आणि तो मी अठ्ठावीस वर्षे लपवून ठेवला. ज्यांच्याविषयी हे लिहितो आहे, त्या सिद्धाप्पा मिस्त्रींना, आम्हा सर्वांच्या आप्पांना, माझा संशय कधी आला नाही. त्यांनी संशय घेतला तो स्वतःचा.

आप्पा येळ्ळूरचे. बेळगावात उद्यमबागेत, दुसऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते गाड्या दुरुस्त करीत. गाडीत बसण्यापूर्वी चपला बाहेर काढून ठेवीत. इंजिनाची थरथर तळपायाला कळली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे चपला उद्यमबागेत आणि आप्पा निपाणीत, असे महिन्यातून एकदा तरी होई. कुणी हसले तर शांतपणे सांगत, "कान फसत्यात रं. पाय न्हाय फसत."

मी त्यांच्याकडे लेथ चालवीत असे. डिप्लोमा झालेला, सव्विशीतला, आणि आपल्याला सगळे कळते अशा समजुतीतला. ते मला नावाने हाक मारीत नसत. "काय डिप्लोमा, आज कुठला फॉर्म्युला?"

ऐंशीचे दशक अर्धे सरले होते. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांना (त्यांना सगळे मालकच म्हणत) आपल्या जुन्या पेट्रोल गाडीवर टर्बो हवा होता. कुठल्याशा जनरेटरचा मोडीत निघालेला टर्बो त्यांनीच आणून दिला. इंजिनाच्या धुराने चक्र फिरते आणि ते जादा हवा इंजिनात दाबते. त्या दाबाला आप्पा 'दम' म्हणत. हा दम आवरेना. कधी यायचाच नाही, कधी एकदम उसळायचा. आप्पांनी मला पितळेची बोटभर नळी कातायला लावली. तिच्यात सायकलच्या चाकातला एक छर्रा आणि स्प्रिंग घातली, वर स्क्रू बसवला. स्क्रू आवळला की दम वाढे. चाचणीच्या वेळी मी पान्याने आटा आटा आवळीत जाई, ते अनवाणी, डोळे मिटून बसत आणि नेमक्या क्षणी कानडीत म्हणत, "साकु." पुरे. मग तिथे कानशीने खूण. "इंजिनला दम लागतोय, डिप्लोमा. धाप न्हाय."

मालकांचा शब्द असा होता की, चार माणसे घेऊन गाडी तवंदीचा घाट टॉप गिअरमध्ये चढली, तर हमरस्त्यावरचे रिकामे गोदाम आप्पांना वर्कशॉपसाठी मिळेल. आप्पांचे सगळे आयुष्य दुसऱ्याच्या छपराखाली गेले होते. बोर्डावर काय लिहायचे, हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवले होते.

त्या सकाळी गाडीत मालक, त्यांचे मुनीम, आप्पा आणि मी. पहिल्या खेपेला शेवटच्या वळणावर मालकांना गिअर उतरवावा लागला. पायथ्याशी परत येऊन ते म्हणाले, "आप्पा, गाडीला बी माझ्यागत दमा जडला व्हय?" मुनीम हसले.

"आठ दिवस द्या, मालक. हवेचा पाईप बदलतो."

"आठ दिवस? चिकोडीचा मिस्त्री उद्याच तयार हाय. आज चढली तर चढली."

मी हळूच म्हणालो, "आप्पा, अर्धा आटा आवळू या."

"साकु म्हटलंय न्हवं?" एवढे बोलून ते रेडिएटरसाठी पाणी आणायला विहिरीकडे गेले. बॉनेट उघडेच होते. मी आत वाकलो, स्क्रू धरून ठेवणारा नट सैल केला आणि स्क्रू अर्धा आटा आवळला.

आप्पांना गोदाम मिळावे म्हणून, असे मी स्वतःला वर्षानुवर्षे सांगितले. खरे तर मुनिमांसमोर ऐकावे लागलेले ते 'साकु' मला सलत होते.

दुसऱ्या खेपेला गाडी अशी चढू लागली की मुनीम खिडकीतून मागे पडणारा रस्ता पाहू लागले. दुसरे वळण गेले आणि आप्पांचा चेहरा बदलला. "मालक, पाय काढा."

"आता कशाला? निघालीया की."

"काढा म्हंतो. खालनं वाळू भाजल्यागत येतंय."

मला कारण ठाऊक होते. एक वाक्य पुरले असते. मी सीटची कड धरून बसून राहिलो. शेवटच्या वळणाच्या अलीकडे धाडकन आवाज झाला, आत धूर भरला आणि गाडी थांबली.

"राहू दे आता, आप्पा," म्हणून मालक एका ट्रकला हात करून मुनिमांसह निघून गेले. आप्पा चाकांखाली दगड लावू लागले. तेवढ्यात मी बॉनेट उघडले आणि बोटे पोळत असताना तो स्क्रू खुणेवर परत आणला. पहिला अर्धा आटा उतावळेपणाचा होता; परतीचा भीतीचा. मला अधिक लाज वाटते ती या दुसऱ्याची.

शेडमध्ये इंजिन खोलले तर पिस्टनला आरपार भोक. आप्पांनी पितळी नळीवरून अंगठा फिरवला. "खूण तर बराबर हाय. म्हंजे पायच फसला."

गोदाम चिकोडीच्या मिस्त्रीला गेले. आप्पांनी पुन्हा टर्बोचे नाव काढले नाही. ब्रेक, पंक्चर, एवढेच काम ते घेत. आणि गाडीत चपला घालूनच बसू लागले. कुणी इंजिन बघायला सांगितले तर म्हणत, "दुसऱ्याला दावा. माझं आता खरं न्हाय." मी पुढे फौंड्रीत लागलो, टिळकवाडीत घर केले. वर्षातून एकदा येळ्ळूरला जाई. दर वेळी ते विचारीत, "त्या दिवशी चुकलं कुठं रं, डिप्लोमा?" आणि दर वेळी मी म्हणे, "इंजिन जुनं होतं, आप्पा."

शेवटच्या भेटीत ते सोप्यावर खाटेला टेकून बसले होते. त्यांनी तेच विचारले. मी सवयीच्या हलक्या आवाजात सांगून टाकले. त्यांनी कानामागे हात धरला. "ऐकू येत न्हाय. मोठ्यानं बोल."

आत सूनबाईंचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला. दारावरून जाणारी दोन माणसे वळून पाहू लागली. मी उभा राहिलो आणि आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने बोललो, "आप्पा, तुम्ही पाण्याला गेल्यावर मी अर्धा आटा आवळला. नंतर खूण मीच जुळवली. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा."