ओल्या फोकेचं इंग्रजी

सकाळी दारातला कडुलिंब छाटला आणि ओल्या सालीचा कडवट वास घरभर पसरला. त्या वासासरशी मी देवळालीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जाऊन उभी राहिले.

सर ‘पनिश’, म्हणजे शिक्षा करणे, हे क्रियापद शिकवत होते. वर्गाला काळ काही केल्या कळेनात. मग सरांनी मला पुढं बोलावलं. माझी आई ऊसतोडीला जायची, जाब विचारायला कुणी येणार नव्हतं. “आय पनिश हर,” म्हणत त्यांनी कडुलिंबाची ओली फोक माझ्या तळहातावर ओढली. “आय पनिश्ड हर,” म्हणत लाल वळ सगळ्यांना दाखवला. “आय विल पनिश हर,” म्हणत फोक पुन्हा उगारली. पोरं खदखदून हसली आणि तिन्ही काळ वर्गाला पाठ झाले.

घरी आईनं हात पाहिला. “काय केलं हुतंस गं?”

“काय न्हाई. सर इंग्रजी शिकवत हुते.”

“मग आलं का?”

“आलं.”

आता सरांचा सत्कार आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो लिहितोय, ‘सर, तुम्ही शिकवलेलं अजून विसरलो नाही.’

मीही तेच लिहिलं. सरांनी लगेच अंगठा पाठवला.