टीव्हीतल्या म्हाताऱ्याचा पाय

प्लास्टरमामांना एखादा सिनेमा कसा वाटला असं विचारलं, की ते आधी त्यात कोणाचं कुठलं हाड मोडलं ते सांगत. गोष्ट, गाणी, कोण कोणाच्या प्रेमात पडलं, हे सगळं त्यांच्या लेखी किरकोळ होतं. नायकानं तिसऱ्या मजल्यावरून जीपवर उडी मारली, की दवाखान्यात नंबर लावून बसलेले सगळे पुढे सरकत आणि मामा शांतपणे म्हणत, "दोन्ही टाचा गेल्या. आता तीन महिने याच्यानं उभं राहणं होत नाही. पुढचा सिनेमा पलंगावर दाखवा म्हणा." पुढच्याच दृश्यात नायक नाचायला लागला, की मामा टीव्हीकडे पाठ करून केसपेपर लावायला घेत. त्यांच्यापुरता सिनेमा तिथं संपलेला असे.

धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात मामा तीस वर्षं होते. हुद्दा कंपाउंडरचा, पण प्लास्टर घालणं आणि कापणं हे त्यांचं खरं काम, आणि नंबर पुकारणं हे जोडकाम. रोज कामठीहून बसनं येत. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालत आणि त्यावर दुपारपर्यंत प्लास्टरची इतकी भुकटी बसे, की पांढरा रंग निवडण्यामागचं शहाणपण लक्षात येई. त्यांचं खरं नाव मला बऱ्याच उशिरा कळलं. पेशंट त्यांना प्लास्टरमामा म्हणत आणि डॉक्टरसाहेबही म्हणत.

वेटिंग रूममधला टीव्ही मुका होता. त्यामागे एक प्रकरण घडलेलं होतं. एकदा आत डॉक्टरसाहेब एका जावयाचा निखळलेला खांदा बसवत होते आणि बाहेर विनोदी मालिका चालू होती. जावई आतून ओरडला आणि नेमक्या त्याच क्षणी टीव्हीतले अदृश्य प्रेक्षक खदाखदा हसले. जावई दुसऱ्यांदा ओरडला, ते दुसऱ्यांदा हसले. बाहेर बसलेल्या सासरच्या माणसांवर नाही नाही ते आळ आले आणि खांदा बसला तरी नातं बसायला वेळ लागला. त्या दिवशी डॉक्टरांनी आवाज बंद करायला लावला, तो कायमचा. मामांना याचं काही दुःख नव्हतं. "आवाज काय करायचा बेटा?" ते मला म्हणाले होते. "तोंडानं माणूस काहीबी सांगते. मी इथं तीस वर्षांपासून पायच पाहून राहिलो."

मामांची मतं पक्की होती. नायिका ठेच लागून नायकाच्या मिठीत पडली, की ते म्हणत, "या पोरीले नवरा नाही पाहिजे, क्यालशियम पाहिजे." नायकानं गोदामात वीस गुंड लोळवले, की सगळ्यांना नायकाचं कौतुक आणि मामांना गुंडांची काळजी. "हे वीस लोक आता एकदम दवाखान्यात आले तर? एक्सरेची मशीन एक आहे." विनोदी मालिकेत जाडा माणूस केळाच्या सालीवरून घसरला आणि लोक हसले, तर मामा त्या लोकांकडे असं पाहत, की हसू घशातच राही. स्वतः मात्र ते भलत्या ठिकाणी हसत. एका सिनेमात नायकाची आई मरणाच्या दारात होती, सगळे रडत होते, आणि मामा खुर्चीला धरून हसत होते. आईच्या उजव्या पायाला प्लास्टर होतं, ते मधल्या गाण्यानंतर डाव्या पायाला आलं होतं. त्यांनी दाखवल्यावर अख्खी खोली हसली आणि आई हसण्याच्या गदारोळात गेली.

लोकांना या मतांचं व्यसन लागे. काटोलकडच्या एका आजीबाईंचं मनगट बरं होऊन महिना झाला होता, तरी त्या दोनदा नंबर लावून आल्या. मालिकेतली धाकटी सून लंगडते असं मामांनी सांगितलं होतं, तिचं पुढं काय झालं ते त्यांना हवं होतं. डॉक्टरांनी मनगट उलटंसुलटं पाहिलं, काही सापडेना, म्हणून गोळ्या लिहून दिल्या.

मी तिथं पोचले ती बाबांमुळे. बाबा गणिताचे मास्तर, पुढं मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. एप्रिलमध्ये कूलरची वाळ्याची ताटी बदलायला स्वतः स्टुलावर चढले, मला हाक न मारता, आणि पडले. खुब्याजवळ हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, सहा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता पाय टेका. बाबांनी टेकला नाही. आठव्या आठवड्यात टेकला नाही, दहाव्यात नाही. व्हीलचेअरमध्ये बसून राहत. वॉकर पुढं ठेवला, की त्यावर टॉवेल वाळत घालत. मी रागावले, आर्जवं केली, एकदा रडलेही. ते शांतपणे म्हणत, "माझं झालं गं. आता खुर्ची बरी आहे." दर गुरुवारी मी सदर भागातल्या माझ्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून त्यांना दवाखान्यात नेई. दहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, की हाड जुळलंय, आता पंधरा दिवसांत हे उभे राहिले नाहीत तर सांधा असाच धरून बसेल.

बाहेर बाबा आणि मामा भांडत होते.

भांडण टीव्हीतल्या म्हाताऱ्यावरून होतं. सकाळी अकराला एक हिंदी विनोदी मालिका लागे, आदल्या संध्याकाळचा भाग पुन्हा. चार मुलगे, चार सुना आणि व्हीलचेअरमध्ये बसून सगळ्यांवर ओरडणारा एक म्हातारा. मामांचं म्हणणं, म्हातारा खोटारडा आहे, त्याच्या पायाला काही झालेलं नाही. बाबा घरी ही मालिका रोज आवाजासकट पाहत, त्यामुळं त्यांच्याकडे सगळी माहिती होती.

"अहो, त्यांची बायको गेली त्या दिवशी त्यांचे पाय गेले," बाबा म्हणाले. "चौथ्या भागात सांगितलंय."

"सांगतीन ना. सांगाले काय लागते?" मामा म्हणाले. "त्याची चप्पल पाहा सर. तळ घासला आहे. खुर्चीत बसणाऱ्याची चप्पल घासते का?"

बाबांनी पडद्यावरची चप्पल निरखून पाहिली. मग मामांनी पुढचं सांगितलं. "पोटरी पाहा. इतके महिने बसून आहे, तर पोटरी उतराले नको? आता तुमची पाहा." आणि त्यांनी खरोखरच खाली वाकून बाबांचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. बाबांची पोटरी अर्धी झाली होती. घरी रोज समोर असून मी ती पाहिली नव्हती. बाबांनी पायजमा खाली ओढला. मला मामांचा भयंकर राग आला.

पण पुढचे सात दिवस बाबांनी ती मालिका एखादा पेपर तपासावा तशी पाहिली. पुढच्या गुरुवारी दहा वाजल्यापासून तयार होऊन बसले. दवाखान्यात गेल्यावर टीव्हीच्या समोरची जागा धरली. मामा प्लास्टर कापून बाहेर आले आणि हात झटकत शेजारी उभे राहिले. मालिकेत त्या दिवशी स्वयंपाकघरात कुकर उडाला. मुलगे पळाले, सुना पळाल्या, म्हातारा खुर्चीत हात वर करून राहिला.

"हलला," मामा म्हणाले. "डावा पाय हलला."

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "काल आम्ही पाहिलंय. चादर हलली."

"पाय हलला सर."

"चादर."

"काय गा," मामांनी शेजारच्या पेशंटला विचारलं, "हलला ना?" त्याचा जबडा बांधलेला होता. त्यानं मान हलवली, पण होकार की नकार ते कळलं नाही. तेवढ्यात तोच प्रसंग सावकाश गतीनं पुन्हा दाखवला. बाबा म्हणाले, "थांबा, दाखवतो," आणि उठले. वॉकर बाजूला होता. बाबा उठले, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, मध्ये बसलेल्या बाईंना "जरा सरका" म्हणाले, चौथ्या पावलाला टीव्हीपाशी पोचले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा पाय? हा हलला म्हणता?"

खोलीतले सगळे टीव्ही सोडून बाबांकडे पाहत होते. बाबा वळले, आणि आपण कुठं उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी वॉकर घेऊन धावले, तर मामांनी हात आडवा घातला. ते बाबांच्या तोंडाकडे पाहतच नव्हते. "डावा जरा बाहेर टाकून राहिले सर," ते म्हणाले. "आता वापस या, मी पाहतो." बाबा भिंतीला एक हात लावून परत आले आणि बसले. मामांनी नंबर पुकारला. मग जाता जाता म्हणाले, "हलला होता पण."

मी दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फीचा डबा घेऊन गेले. मामांनी विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, बाबा चालायला लागले, तुम्ही मुद्दाम केलंत ना हे? मामांना माझं बोलणं समजेचना. "सर तर चालणारच होते बेटा. हाड जुळलं होतं, मी एक्सरेचा फोटो पाहिला होता. म्हाताऱ्याचं मानलं का त्यायनं?" मी म्हटलं, नाही मानलं. त्यांनी डबा घेतला, पण तोंड पाडून.

मामा निवृत्त होऊन घरी बसले तरी हा वाद पुढं दोन वर्षं फोनवर चालू राहिला. आठवड्यातून दोनदा तरी. बाबा अंगणात येरझारा घालत बोलत, कारण वाद घालताना त्यांना बसवत नसे. दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी कधी करत नसत. मला वाटतं, त्या दोन वर्षांत बाबांना सगळ्यात जवळचा माणूस तोच होता, आणि तसं त्यांनी त्याला एकदाही सांगितलं नाही.

मग मालिका संपली. शेवटच्या भागात गोष्ट झाल्यावर सगळे नट स्वतःच्या कपड्यांत आले आणि प्रेक्षकांचे आभार मानून केक कापू लागले. चार मुलगे आले, चार सुना आल्या, आणि मागून म्हातारा चांगला तरातरा चालत आला. सुरी त्याच्याच हातात होती. बाबांनी टीव्ही बंद केला.

"बाबा, तो नट आहे," मी म्हटलं. "गोष्टीतला म्हातारा उठला नाही."

बाबांनी मामांना फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मुलांना आयुष्यभर चूक झाली तर खोडा आणि पुन्हा लिहा असं सांगणारा हा माणूस चार दिवस अंगणात फिरत होता. चौथ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "मामा गोष्टीबद्दल बोलतच नव्हते. ते पायाबद्दल बोलत होते. पायाबद्दल ते बरोबर होते." आणि फोन लावला. पलीकडे बाईचा आवाज होता. मामा आदल्या दिवशी सकाळी गेले होते. बसल्या जागी, छातीत कळ येऊन.

आम्ही कामठीला गेलो. लहानसं घर, बुद्धवंदना नुकतीच झालेली, सतरंजीवर शेजारपाजारची माणसं बसलेली. अशा ठिकाणी काय बोलायचं असतं ते बाबांना ठाऊक होतं. मुख्याध्यापक म्हणून त्यांनी कितीतरी घरी जाऊन ते बोललेलं होतं. पण ते मामांच्या बायकोसमोर, मावशींसमोर, हात जोडून म्हणाले, "वहिनी, म्हातारा चालत आला. केक कापायला." माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मावशींनी पदर डोळ्यांवरून काढला. "तुम्ही सर का?" त्या म्हणाल्या. "यायनं पाहिला ना तो भाग. लई खुश झाले. म्हणे, आता सरचा फोन येते पाहा. मी म्हटलं, तुम्हीच करा ना. तर म्हणे, नाही वं, मानायचं सरांले आहे, मी काहून करू? तीन दिवस मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते. अंघोळीले गेले तर मले धरून ठेवाले लावत."

बाबांनी पाणी मागितलं. प्यायले, आणि थोडा वेळ बसून उठले.

बाहेर मी ऑटो थांबवला. त्यांनी हातानंच त्याला जायला सांगितलं आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले. मी मागून. ऊन होतं, रस्ता बराच होता, मी दोनदा थांबा म्हटलं तरी थांबले नाहीत. निम्म्या वाटेवर आपणहून उभे राहिले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ते चपलेचं मला पहिल्याच दिवशी पटलं होतं गं."