झिगी आणि फुलांचं खोकं

झिगीच्या कामाच्या विजारीला उजव्या गुडघ्यावर ठिगळ लावून झालंय, डावा गुडघा अजून तसाच फाटका आहे. सोमवारी तो बंदूक परत करणार, नोकरी गेली तर जाऊ दे असं आमचं ठरलं होतं. तरी विजार बागेत खुरपायला होईल म्हणून शिवायला घेतली होती. तेवढ्यात म्लिनारकाकू आल्या. त्या आत्ता गेल्या आणि सुई कापडात टोचून मी ही वही उघडली. हात चालत नाही.

झिगीच्या विजारी नेहमी गुडघ्यावरच फाटतात. तो पोलिसांच्या या पथकात गेल्यावर सासूबाई सगळ्या चर्चमध्ये सांगत फिरायच्या, "आमचा झिगमुंट देवापुढे इतके गुडघे टेकतो, की कापड म्हणून टिकत नाही!" त्यांच्या हयातीत मी कधी खरं सांगितलं नाही. तो गुडघे टेकायचा दुकानांच्या मागच्या खोल्यांत, खोक्यांच्या आड, दाराला पाडलेल्या भोकाशी डोळा लावून.

दुकानं लुटायची तेव्हा शहरात साथच आली होती. गल्ला घ्यायचा आणि जाताना दुकानदाराला गोळी घालायची. म्हणून पोलिसांनी दबा धरून बसणाऱ्यांचं एक पथक काढलं. जिथे दोनदा दरोडा पडला तिथे चोर तिसऱ्यांदा येणार, या हिशेबाने दोघं दोघं मागच्या खोलीत दिवसदिवस बसायचे. हातात आखूड नळीची शॉटगन. एका काडतुसात नऊ मोठे छर्रे, बाहेर पडले की पसरत जाणारे. "पिस्तुलाला नेम लागतो, ब्रोन्या," झिगी म्हणायचा, "हिचं फक्त तोंड तिकडे केलं की झालं." तेव्हा मला त्यात धीर वाटायचा.

बंदूक रस्त्यावरून न्यायची तर कुणाला दिसता कामा नये. म्हणून ती फुलवाल्याच्या लांब खोक्यातून जायची, लांब दांड्यांची ग्लॅडिओलस येतात तसल्या. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. समोरची सोबोलबाई पायऱ्या घासता घासता ओरडायची, "काय गं ब्रोन्या, आज पुन्हा फुलं? तुझ्यासाठी एखादं तरी येतं का?"

"माझ्यासाठी विजारी येतात, फाटक्या!" मी म्हणायची. मग आम्ही दोघी हसायचो.

त्याचा जोडीदार हार्किन, आयरिश, दारात वाकून शिरावं लागेल इतका उंच. त्याने आपली रिकामी काडतुसं घासून पुसून कपाटात ओळीने मांडली होती. झिगीने तसं कधी केलं नाही. म्लिनारकाकांच्या आधी त्याच्या हातून दोन माणसं गेली होती, दोघंही दरोडेखोर. दोन्ही वेळा तो फादर वालेंटींकडे गेला आणि मेलेल्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, प्रार्थनेचा विधी, सांगून आला. नाव वर्तमानपत्रातून शोधायचा. हार्किन त्याची टिंगल करायचा, "वहिनी, ह्याची कमाल आहे. खाली हाच पाडतो आणि वर जायचं तिकीटही हाच काढून देतो!"

म्लिनारकाकांचं किराणा दुकान आमच्या चर्चच्या कोपऱ्यावर. युद्ध संपल्यावर काका-काकू एका पेटीनिशी समुद्रापलीकडच्या आमच्या जुन्या देशातून आले आणि त्यांनी ते उभं केलं. शुक्रवारी हेरिंग घ्यायला गेलं की काका पिंपात हात घालून एक जास्तीचा मासा कागदात टाकायचे आणि युद्धातली एखादी गोष्ट सांगायचे. त्यांच्या धाकट्या भावाची तर आम्हा सगळ्यांना पाठ होती. शिपाई अंगणात आले, ओरडले. काका हात वर करून ताठ उभे राहिले. भाऊ विहिरीआड खाली बसला. "जो बसला तो गेला," काका म्हणायचे आणि कागदाची पुडी बांधायचे.

गोष्ट ऐकलेली नाही असं आमच्यात कुणी नव्हतं. झिगीनेही ती कितीदा ऐकली होती.

त्यांच्या दुकानावर दोनदा दरोडा पडला, तेव्हा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत झिगी आणि हार्किन तिथे मागच्या खोलीत बसायला लागले. पथकाची रीत अशी, की दुकानदाराकडून रोज उघडायच्या आधी तालीम करून घ्यायची. झिगी दाराआड खोकायचा आणि काकांनी लगेच काउंटरमागे खाली बसायचं. उभा राहील तो दरोडेखोर. काका टुणकन बसायचे.

"काका, हळू," हार्किन म्हणायचा, "फरशी फुटली तर खर्च पोलीस देत नाहीत."

"तू आधी माझं सॉसेज खायचं थांबव," काका खालूनच म्हणायचे, "मग फरशीचं बघू."

तालमीत खोकायचे, पण खऱ्या वेळी ओरडावं लागतं तसं कुणी ओरडायचं नाही. ओरडलं तर रस्त्यावर ऐकू जाईल, लोक जमतील. कुठल्याच दुकानात ओरडत नसत.

झावळ्यांच्या रविवाराआधीचा बुधवार. दुपारी एक माणूस आत आला आणि त्याने कोटातून पिस्तूल काढलं. झिगी खोकला. काका बसले, अगदी शिकवल्यासारखे. मग हार्किनने दार ढकललं आणि नियमाप्रमाणे ओरडला, "पोलीस! हात वर!"

आणि काउंटरमागून काका उभे राहिले. ताठ, दोन्ही हात वर करून, बंदूक आणि त्या माणसाच्या मधोमध.

झिगीचं बोट तोवर दाबून झालं होतं. दोन्ही माणसं गेली, एकाच काडतुसात.

चौकशी झाली. कुणाचीच चूक नाही असं निघालं. हार्किन एकदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, टोपी मांडीवर. "वहिनी, ओरडलो मी," तो म्हणाला. त्याची टिंगल पार गेली होती.

"आणि गोळी कुणी घातली?" झिगी म्हणाला. कॉफी गार झाली.

अंत्यविधीच्या दिवशी फुलवाल्याची गाडी चर्चपाशी आली. माणसाने लांब खोकं काढून पायरीवर ठेवलं. झिगी ते पाहून मागे वळला आणि सगळी मिस्सा होईपर्यंत अंगणातल्या नळाशी उभा राहिला.

मग तो कबुलीला गेला. परत आला तो कोट न काढताच माझ्यासमोर उभा राहिला. "फादर म्हणतात, मुद्दाम केलं नाहीस, म्हणजे पाप नाही. आणि पापच नाही तर क्षमा कशाची देऊ, म्हणतात." मग म्हणाला, "कॅप्टनही म्हणतो काही केलं नाहीस. सगळेच म्हणतात. मग म्हातारा मेला कशाने गं?"

मी म्हटलं, प्रार्थना कर. दुसरं काय म्हणणार? ईस्टरला सगळी रांग प्रभूचा प्रसाद घ्यायला पुढे गेली आणि माझा नवरा बाकावर बसून राहिला. रोज त्याच्यासाठी जपमाळ ओढते. प्रभू ऐकतो यावर माझा विश्वास आहे. पण या घरात अजून काही उतरलेलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

त्याने बदली मागितली, सामानाच्या कोठीवर, कागदपत्रांच्या दप्तरात, कुठेही. कॅप्टन म्हणाला, "आत्ता तुला हलवला तर लोक म्हणतील चूक झाली होती. बस तिथेच." तेव्हा झिगीने ठरवलं, की सोमवारी खोकं कॅप्टनच्या टेबलावर ठेवायचं आणि बाहेर पडायचं. ते मला सांगितलं त्या संध्याकाळी तो दोन वाट्या बीटचं सूप जेवला. किती दिवसांनी.

आणि आज म्लिनारकाकू आल्या. काळा रुमाल, डाव्या गालावर निळा डाग. खुर्ची दिली तर बसल्या, कॉफीला हात लावला नाही. झिगी चुलीपाशी उभाच राहिला.

"परवा पुन्हा लुटायला आले होते," काकू म्हणाल्या. "बाईमाणूस एकटी आहे, कळलंय त्यांना. कॅप्टन म्हणतात माणसं बसवतो. मी सांगितलं, मला झिगमुंट पाहिजे."

"काकू, तो सोडतोय ते," मी म्हटलं. "सोमवारी परत करतोय बंदूक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "दुसरा कुणी येईल तो मला ओळखत नाही. हा ओरडायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मी कुठे आहे ते बघेल. जन्मभर बघेल."

झिगी म्हणाला, "काकू, तुम्ही मला माफ केलंत का?"

"ते मला जमत नाही," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या. "मी रोज करून बघते. जमत नाही. पण दुकान उघडायला हवं, मला दुसरं काही येत नाही." उठताना म्हणाल्या, "दाराचं भोक मी बुजवून टाकलंय. मला बघवेना. नवं पाडावं लागेल, जरा खाली. मी बसलेली दिसले पाहिजे."

मी झिगीकडे पाहत होते. नाही म्हण, एवढं एकच मनात म्हणत होते. देवाला म्हणत होते की त्याला, ते सांगता येत नाही.

"सकाळी किती वाजता उघडता?" झिगीने विचारलं.

काकू गेल्या. तो खाली तळघरात उतरलाय. हत्यारांच्या पेटीचा खडखडाट वर ऐकू येतोय. डावा गुडघा आता आजच पुरा करायला हवा. सोमवारी सकाळी झिगी गिरमिट घेऊन म्लिनारांच्या मागच्या दाराला भोक पाडायला जाणार आहे.