ओळंब्याचा फोटो

पंचाक्षरी मैंदर्गे एका जागी स्वस्थ बसल्याचं त्याच्या बायकोनं, अक्कम्मानं, लग्नाच्या अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. जेवायला बसला तरी त्याचं अर्धं लक्ष दारात. सोलापुरात त्याचा एका खणाचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक खुर्चीवर हनुवटी वर करून, श्वास धरून बसलेलं असे आणि हा खिडकीतून समोरच्या इमारतीवर ऊन कुठवर उतरलं ते बघे. "फोटो माझा काढताय का बाहेरचा?" असं एका हवालदारानं त्याला विचारलंसुद्धा होतं.

माणसांचे फोटो ही त्याची भाकरी होती, आणि इमारती हे वेड. सकाळी सातला किल्ल्याच्या तटावर ऊन तिरपं पडतं तेव्हा दगडन् दगड सुटा दिसतो आणि दहा वाजता तोच तट पुठ्ठ्यासारखा सपाट होतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सायकल घेऊन तो स्वतःच बघत हिंडला होता. गिरणीच्या छपराचे करवतीसारखे दाते कुठून चांगले दिसतात, पावसाळी आभाळात तिची धुराची चिमणी का हरवते, पिवळा फिल्टर लावला की निळं आभाळ कसं काळवंडतं, असल्या गोष्टी त्याच्या डोक्यात सारख्या फिरत असत. रद्दीवाल्याकडून तो परदेशी मासिकं आणी. त्यात जमिनीलगत बसून काढलेले उंच इमारतींचे फोटो असत. सगळ्या रेषा आभाळात धावत गेलेल्या. तसा एक तरी फोटो आपल्या हातून निघावा, एवढीच त्याची तळमळ होती. पण सोलापुरात तेवढं उंच होतं काय?

चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये हिंदुराव नावाचे एक घरमालक स्टुडिओत आले. जोडभावी पेठेच्या मागच्या बोळात त्यांची हौदाची चाळ होती. तीन मजले, बावीस बिऱ्हाडं.

"चाळीचे फोटो पाहिजेत, कागदपत्रांना लावायला," ते म्हणाले. "जुनी झालीय. तिचं वय दिसू द्या म्हणजे झालं. बाकी तुम्ही कलाकार माणूस, तुम्हाला मी काय सांगणार?"

कलाकार हा शब्द पंचाक्षरीसाठी कुणी कधी वापरला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो बोळात हजर झाला. बोळ जेमतेम बारा फूट रुंद. मागं सरकायला जागा नाही, म्हणून तो गटाराच्या कडेला उकिडवा बसला आणि आपला दुहेरी भिंगाचा याशिका कॅमेरा वर रोखला. साडेअकरा वाजले होते. ऊन वरून भिंतीला घासत खाली येत होतं आणि गिलाव्याच्या प्रत्येक पोपड्याची लांब सावली पडत होती. कॅमेरा वर उचलला तशा चाळीच्या दोन्ही कडा वर जाऊन जवळ आल्या. त्यानं तो किंचित डावीकडे कलता केला. त्याबरोबर कॅमेऱ्यातल्या काचेवर अख्खी चाळ बोळावर झुकली, आता कोसळेल की मग अशी. त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं बटण दाबलं.

धुतानाही त्यानं कसर ठेवली नाही. कडक जातीचा कागद घेतला, म्हणजे काळं अगदी कोळशासारखं यावं. केसाएवढ्या भेगा ओढ्यासारख्या दिसू लागल्या. हिंदुरावांनी फोटो हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "झकास. यापेक्षा जास्त मला काही नको." पंचाक्षरीनं त्यातला सर्वांत चांगला मोठा करून दर्शनी काचेमागं लावला. एक प्रत पुण्याच्या एका फोटो स्पर्धेला पाठवली. नंतर कितीतरी दिवस तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन आपलाच फोटो बघून यायचा.

मे महिन्यात त्या काचेसमोर एक माणूस उभा राहिला. हाताला चुना लागलेला, खांद्यावर गवंड्याची पिशवी. बराच वेळ बघून तो आत आला.

"ह्यो फोटू कुणी काडला?"

"मीच," पंचाक्षरी खूश होऊन म्हणाला. "आवडला?"

"आवडला की. लई भारी हाय. मी धोंडप्पा. ह्याच चाळीत ऱ्हातो, वरच्या मजल्यावर." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "ही म्युन्शिपाल्टीची नोटीस आलीया. चाळ धोक्याची हाय, म्हैन्यात रिकामी करा. संगं तुमचाच फोटू जोडलाय. मालकाला तितं लॉज बांदायचं हाय."

पंचाक्षरीनं नोटीस वाचली. 'सोबतच्या छायाचित्रावरून इमारत रस्त्याच्या बाजूस कलल्याचे स्पष्ट दिसते.'

"पण चाळ जुनीच आहे ना?" तो कसंबसं म्हणाला.

"जुनी हाय, व्हय. जिना डगमगतो, कठडा गेलाय. पर भिंत?" धोंडप्पानं पिशवीतून ओळंबा काढला, दोरीला बांधलेला पितळी लंबक. "चला माज्यासंगट. भिंत सरळ हाय. वाकडा तुमचा फोटू हाय."

दुकान उघडं टाकून पंचाक्षरी त्याच्या मागं गेला. धोंडप्पानं गच्चीवरून दोरी सोडली. लंबक जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन डुलत राहिला, मग थांबला. भिंत आणि दोरी यांच्यात वर चार बोटं अंतर, मध्ये चार बोटं, खाली चार बोटांहून केसभर जास्त. पंचाक्षरीनं तीनदा मोजलं. खालच्या खोलीतली रंभाबाई, मूळची वैरागची, दारात उभी राहून बघत होती. तिनं आवाज न चढवता विचारलं, "भिंत पडताना तुमी बगितली व्हती का, दादा?"

तो चौथ्यांदा मोजायला वाकला.

त्या दिवसापासून त्याची मुळातली अस्वस्थता पार बिघडली. आधी निदान कुठं तरी जायची घाई असायची, आता नुसतीच घाई. भर दुपारी दुकान बंद करून तो सायकलवर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत जाई आणि काही न करता परत येई. दोन वेळा लग्नाच्या फिल्मा धुताना हातून बिघडल्या. जी इमारत दिसेल तिच्या कडेला डोळ्यानं दोरी लावून बघायची खोड लागली. दर्शनी काचेमागचा फोटो त्यानं काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

अशातच पुण्याहून पत्र आलं. फोटोला दुसरं बक्षीस. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'कोसळण्याच्या क्षणी पकडलेली वास्तू.'

"एनाय्तु?" अक्कम्मानं कानडीत विचारलं, काय झालं म्हणून. "बक्षीस मिळालं तर तोंड असं का?"

त्यानं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "तुम्ही खोटं बोलायला गेला नव्हता."

"नव्हतो. तेच तर. खोटं बोललो असतो तर कबूल करून मोकळा झालो असतो. मला तो फोटो अजून आवडतो, अक्कम्मा!"

"मग आवडू द्या. पण त्या माणसांना राहायला तो फोटो नाही, चाळ लागते."

नोटिशीवरची सुनावणी आठ दिवसांवर होती. पंचाक्षरी त्याच संध्याकाळी आपल्या उस्तादांकडे, लाडलेसाहेबांकडे गेला. सत्तरीचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांच्याकडे भात्यासारखा पुढंमागं सरकणारा जुना लाकडी कॅमेरा होता. तो पंचाक्षरीनं शिकताना पुसला होता, पण मनापासून वापरला कधीच नव्हता. इतकं अवजड धूड कोण उचलणार?

लाडलेसाहेबांनी फोटो दिव्याखाली धरला आणि हसले. "घर नै झुका रे, तू झुका. गर्दन ऊपर करा ना? गर्दन नक्को उठाना. कॅमेरा जमीन के बराबर सीधा रखना, ये देख." त्यांनी एक खिटी सैल केली आणि कॅमेरा जागचा न हलवता नुसती भिंगाची पाटी वर सरकवली. "भिंग चढता, कॅमेरा नै चढता. लकीरां सीधी की सीधी."

पंचाक्षरी ती पाटी वर-खाली करत राहिला. पंधरा वर्षं ही खिटी त्याच्या डोळ्यासमोर होती.

"मग उंचीची मजा जाणार," तो पुटपुटला.

"मजा होना कि सच होना, पहले वो बोल," लाडलेसाहेब म्हणाले. त्यांनी ट्रंकेतून त्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी घालायच्या काचेच्या प्लेटांचा डबा काढला. आत दोनच उरल्या होत्या, मुदत केव्हाच संपलेल्या.

त्यानं कॅमेरा बोळात नेला, पण पाटी वर सरकवूनही तिथून पुरी चाळ मावेना. समोर शिवलिंगप्पांची मागाची शेड होती आणि तिच्या माळ्यावर सुताची बोचकी. तिथून चाळीचा मधला मजला बरोबर समोर येत होता. शिवलिंगप्पांनी माळ्यावर चढायला हरकत घेतली नाही, पण पंचाक्षरीनं तिपाई उभी केली आणि कपाळाला हात लावला. खाली चोवीस माग धडधडत होते. माळ्याची जमीन तापातल्या माणसासारखी थरथरत होती. जुन्या प्लेटेला सहा सेकंद तरी उजेड लागणार, तेवढ्यात सगळं पुसट झालं असतं.

"माग बंद करता येतील का? एक मिनिट?"

"एक मिनिट?" शिवलिंगप्पा म्हणाले. "चोवीस माग बंद करून चोवीस सुरू करायला किती वेळ जातो, ठाऊक आहे? सकाळी आठला पाळी बदलते. तेव्हा पाचेक मिनिटं गप्प असतात. ती तुमची. सहावं नाही."

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच पंचाक्षरी माळ्यावर होता. त्यानं कॅमेऱ्यावर गवंड्याची बुडबुड्याची पाणपातळी ठेवून तो सपाट केला. सूर्य अजून शेडच्या मागं होता आणि चाळीवर सावलीतला मऊ, एकसारखा उजेड पसरला होता. कुठंही नाट्य नाही. पोपडे होते तेवढेच दिसत होते. धोंडप्पानं दोरीला चुना फासून ओळंबा गच्चीवरून सोडला होता आणि रंभाबाईनं वारा लागू नये म्हणून खाली लंबकाभोवती दोन घमेली आडवी धरली होती. आठ वाजले. एकेक माग थांबत गेला. शेवटचा थांबला आणि माळ्याची जमीन स्थिर झाली. त्यानं भिंगावरचं झाकण काढलं. एक, दोन, तीन... सहा. झाकण लावलं. प्लेट बदलताना जुनी खाच अडकली, त्यात पाच मिनिटं सरत आली. पुन्हा झाकण काढलं. चारच्या आकड्याला खाली पहिला माग सुरू झाला.

स्टुडिओच्या काळोख्या खोलीत त्यानं प्लेटा धुतल्या आणि त्यांच्यावरून कागदावर फोटो छापले. दुसरी थरथरलेली निघाली, ते त्याला माहीतच होतं. पहिलीच्या कडा मुदत संपल्यामुळे धुरकटल्या होत्या, पण मध्ये चाळ उभी होती, आणि तिच्या शेजारी पांढरी रेघ. दोघी एकमेकींना समांतर, वरपासून खालपर्यंत.

सुनावणीला म्युनिसिपालिटीच्या इंजिनिअरसाहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. हिंदुराव आपल्या वकिलासह बसले होते.

"यातला खरा कुठला?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही मीच काढलेत, साहेब," पंचाक्षरी म्हणाला. त्याचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत होता. "चाळ एकच आहे. पहिल्यात कॅमेरा कलता होता, मुद्दाम कलता केला होता, चित्र जोरदार यावं म्हणून. त्यावरून भिंतीचं काही ठरवू नका. दुसऱ्यात कॅमेरा सपाट आहे. तरी त्यावरूनही ठरवू नका. दोरी लावून बघा."

"तुम्हाला मी दिलेल्या कामाचे पैसे मिळालेत ना?" हिंदुराव मध्येच म्हणाले.

"मिळालेत. म्हणूनच आलोय."

साहेबांनी दोन दिवसांनी येऊन स्वतः दोरी लावली. नोटीस बदलली: भिंत सुस्थितीत, जिना आणि कठडा मालकानं दुरुस्त करावा. चाळ रिकामी करण्याचं रद्द झालं. हिंदुरावांनी जिना दुरुस्त करायला वर्ष लावलं आणि दरम्यान दोन बिऱ्हाडं कंटाळून दुसरीकडे गेली. रंभाबाई मात्र राहिली. हिंदुरावांच्या नात्यागोत्यातली लग्नं पंचाक्षरीकडे येईनाशी झाली. त्यानं पुण्याचं प्रशस्तिपत्र भिंतीवर लावलं नाही आणि फाडलंही नाही. फोटो आवडायचा तो आवडतच राहिला. पण आता इमारतीचा फोटो मागायला कुणी आलं की तो आधी विचारी, "कशाला पाहिजे?" काही लोकांना हा प्रश्न आवडायचा नाही. ते उठून जात.

लाडलेसाहेबांचा दुसरा डोळाही अधू झाला तेव्हा त्यांनी लाकडी कॅमेरा त्याला देऊन टाकला. तो घेऊन पंचाक्षरी सुट्टीच्या दिवशी एस. टी.नं गावोगाव जाऊ लागला. कुठं बाजारपेठेची ओळ, कुठं जुनी शाळा, कुठं सोसायटीचं नवं धान्याचं कोठार. कुणी सांगितलेलं नसे. सत्त्याहत्तर साली अक्कम्मा त्याच्याबरोबर मैंदर्गीला गेली. तिथल्या एका दगडी दुकानासमोर त्यानं तिपाई उभी केली आणि काळ्या कापडाखाली शिरला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, माणूस हलेना. तिला आश्चर्य वाटलं. तिनं कापड उचललं.

"मला बघू द्या."

त्यानं तिला आत घेतलं. काचेवर दुकान उलटं टांगलेलं, आभाळ खाली, पायरी वर. ती खळखळून हसली. "सगळं उलटंच की हो!"

"सवय होते," तो म्हणाला. "कडा बघ. कडा सरळ आहेत का ते सांग."

ती बराच वेळ बघत राहिली. आणि तिनं कापडातून डोकं बाहेर काढलं तेव्हा तो तिथं नव्हता. रस्त्याच्या पार टोकाला, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवरून कधी उतरेल याचा अंदाज घेत, तो लांब लांब ढांगा टाकत निघाला होता.