मावशी बेटावर निघाली

रविवारी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मावशीने बाबांपुढे मीठ सरकवलं आणि त्याच सुरात म्हणाली, "मी आठवडाभर बेटावर राहायला चाललेय."

बाबांचा घास हातातच राहिला. आईने पाण्याचा पेला तोंडाला लावला होता, तो तिने तसाच ठेवला. पीत काही नव्हती, नुसती पेल्याआडून बघत होती. वरच्या मजल्यावरचे मामा-मामी रविवारी आमच्याकडेच जेवतात. मामाला असा ठसका लागला की मामीने त्याच्या पाठीत चार धपाटे घातले, त्यातले दोन जुन्या हिशेबातले असावेत.

"कुठल्या बेटावर?"

"कुणाबरोबर?"

"पण का?"

मावशीने सवयीप्रमाणे ओळीने उत्तरं दिली. "मोठ्या बेटाच्या मागे ते लहान आहे ना, तिथे. एकटी. आणि का, तर तिथे मला कुणी काही विचारणार नाही म्हणून."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांनाही तिने वेळोवेळी नीट उत्तर दिलेलं आहे. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. खिडकीच्या काचेला खाली अर्धचंद्राकार भोक आहे, त्यातून माणसं वाकून प्रश्न आत टाकतात. गाड्यांच्या वेळांचा भलामोठा फलक मावशीच्या डोक्यावरच आहे. तो वाचून झाला की लोक खात्री करून घ्यायला खाली वाकतात.

"ही गाडी कधी सुटणार?"

"सुटली."

"मग ती कधी सुटणार?"

एकदा एका बाईने विचारलं होतं, "माझा नवरा इथून गेला का हो?" दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. मावशीने शर्टाचा रंग विचारला आणि तो कुठल्या फलाटावर उभा आहे ते सांगितलं. प्रश्न आला आणि उत्तर न देता परत पाठवला, असं तिच्या हातून कधी झालंच नाही. आणि घरी आली की आम्ही होतोच. माझे मोजे कुठेत, गॅस बंद केला का, आज वार कोणता. बाबा तर नाकावर चष्मा ठेवून तिला चष्मा कुठे आहे ते विचारतात, आणि तीही न चिडता "नाकावर, भाऊजी," म्हणते.

अशी बाई आम्हाला सोडून जाणार म्हटल्यावर आभाळच कोसळलं.

"अगं, एकटीने जायचं म्हणजे काय? तिकडे पाय घसरून पडलीस तर?" आई म्हणाली.

"उठेन."

"आणि उठता नाही आलं तर?"

"पडून राहीन. सुट्टीच आहे की, ताई."

मामा म्हणाला, "आपल्या घरात असं एकटंदुकटं कुणी कधी गेलंय का? दाढ काढायलासुद्धा आपण चौघं जातो!" हे खरं होतं. माझी दाढ काढली तेव्हा दवाखान्यात आमच्या माणसांनी बाक भरला होता आणि ज्याची दाढ तो मी उभा होतो.

मावशीने दीपगृहाच्या रखवालदाराकडे एक खोली ठरवली होती. समुद्राकडे तोंड करून बसायला एक घडीची खुर्चीही आणली होती. एका माणसाची, हातांना निळी पट्टी असलेली. कामावरून आली की ती खुर्ची उघडून बघायची, तिच्यावर न बसता पुन्हा मिटवून ठेवायची. इतकी खूश मावशी आम्ही पाहिली नव्हती, आणि ते पाहून आम्हाला फार काळजी वाटू लागली.

आधी आई म्हणाली, "मी येते तुझ्या सोबतीला." आई आली म्हणजे बाबा आले, कारण त्यांना चष्मा सापडत नाही. मग मी. मामा म्हणाला, "आम्ही काय घरी भिंती बघत बसू?" मामी निघाली तशी तिची आईही निघाली. खोलीच्या दोन खोल्या झाल्या, दोन खोल्यांचं अख्खं घर झालं. आणि रोज संध्याकाळी मावशीपुढे आमची खिडकी उघडायची. तिथे डास असतात का? गाद्या मऊ आहेत ना? रेंज मिळते का? मामीच्या आईने विचारलं, "समुद्र किती वाजेपर्यंत चालू असतो?"

मावशी सगळ्यांना सांगत होती. फक्त आता खुर्ची उघडून बघत नव्हती. खुर्चीत मामीची आई बसलेली असायची.

निघायच्या दिवशी धक्क्यावर एक लहानशी बोट लागली होती. मावशी खाली उभी राहून एकेकाचा हात धरून आम्हाला चढवत होती, मागून पिशव्या देत होती. सगळे बसल्यावर नावाड्याने आमच्यावरून आणि धक्क्यावरच्या मावशीवरून नजर फिरवली.

"एक माणूस जास्त होतंय. कुणीतरी उतरा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलंच नाही. सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं.

"कुणी उतरायचं गं?" आईने विचारलं.

मावशीने शेवटची पिशवी आत दिली. "मी उतरते."

"तू चढलीच कुठे आहेस?" मामा म्हणाला.

"मग बरंच झालं," असं म्हणून तिने बोटीचा दोर सोडून आत टाकला.

बोट हलली तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. "अगं, सुट्टी तुझी ना!" आई ओरडली. "पुढच्या बोटीने ये!"

"पुढची बोट आता शनिवारी," नावाडी म्हणाला. "तुम्हाला परत आणायला."

आमचे चेहरे पांढरेफटक पडले. मामीची आई खुर्चीत बसली होती, तीसुद्धा उठून उभी राहिली, आणि बोट अशी डुचमळली की तिला पुन्हा बसवावं लागलं.

"मावशी, तिकडे उतरल्यावर कुठून जायचं?" मी ओरडलो.

"माझ्या गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत?" हे बाबा.

"रखवालदाराचं नाव काय?"

मावशीने कानामागे हात धरला आणि ऐकू येत नाही अशी मान हलवली. वारा आमच्याकडून तिच्याकडे वाहत होता. शब्द न् शब्द तिच्यापर्यंत पोचत असणार. तरी ती नुसती हसत उभी होती. आई माझा दंड घट्ट धरून बघत राहिली, बहिणीचं हे हसणं तिने पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं.

मग मावशीने एकदा हात हलवला, पर्समधून घराची किल्ली काढली आणि पाठ फिरवली. घरी कुणी नव्हतं. आम्ही सगळे बोटीत होतो.

"अगंबाई, ही आता कुठे चालली?" मामीच्या आईने विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि हळूच म्हणाले, "सुट्टीवर."